आधी वारा की आधी वरण?

सिझेरियन झालेल्या बाईच्या खाटेभोवती जमलेल्या मंडळींना पहिल्या दिवशी बाळाचं वजन, नाक आणि रंग एवढ्यातच रस असतो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मात्र सगळे एका वेगळ्याच बातमीकडे कान लावून बसतात, आणि ती बातमी पाळण्यातून येणारी नसते. "गॅस पास झाला का?" हे राउंडवरचे डॉक्टर विचारतात, सिस्टर विचारते, लादी पुसायला आलेल्या मावशी विचारतात आणि फोनवरून चंद्रपूरची आत्याही विचारते. जुन्या वळणाची आजी "वारा सरला का गं?" असं जरा आडपडद्यानं विचारते. पण खोलीत सासरे, दीर आणि शेजारच्या खाटेचे पाहुणे बसलेले असताना पडदा कितीसा पुरणार? ज्या सुनेनं लग्न झाल्यापासून या विषयात कमालीचा संयम पाळलेला असतो, तिच्याकडे तीच गोष्ट आता चारचौघांत मागितली जाते. मिळाली की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडून जाहीर होते आणि नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंतचे नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. 'पादा पण नांदा' असं आपली म्हण मोठ्या मनानं सांगते. म्हणीतली ही सवलत दवाखान्यात अट होऊन बसते.

अट अशी, की वारा सरल्याशिवाय तोंडात काही पडणार नाही. केसपेपरवर 'एनबीएम' (निल बाय माउथ) ही तीन अक्षरं असतात. ती पुसली जायला हवी असतील तर पोटाच्या पार दुसऱ्या टोकाकडून ना हरकत दाखला यावा लागतो. दाखला आला की पाणी, पाण्यानंतर चहा, मग पेज, मग मऊ भात, अशी फाइल टेबलाटेबलानं पुढे सरकते. हा चार-दोन घरांचा मामला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली आढळली आणि खाजगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के होतं. म्हणजे दर वर्षी लाखो बायका या दाखल्याची वाट पाहत पडून असतात, आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त नातेवाईक त्याची वाट पाहत बसून असतात. पुष्कळ दवाखान्यांनी ही अट आता सोडून दिली आहे हे खरं. पण दवाखान्यानं सोडली तरी घर सोडत नाही, आणि डबा शेवटी घरून येतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा क्रम उलटा आहे. वारा सरला म्हणून खायचं नसतं. खाल्लं म्हणून वारा लवकर सरतो.

आधी आतडं रुसतं कशामुळे ते पाहू, कारण या प्रकरणात त्याला हात लावायचं तसं काही कारण नसतं. सिझेरियनमध्ये ओटीपोट आणि गर्भाशय उघडून बाळ बाहेर काढतात आणि दोन्ही शिवतात. आतडं कोणी कापत नाही, जोडत नाही. फार तर मध्ये येऊ नये म्हणून त्याला जरा बाजूला सारतात. पण एवढंही त्याला खपत नाही. अमेरिकेत शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन आणि त्याचा सहकारी मर्फी यांनी १९०६ मध्ये मांजरांवर प्रयोग केले. अन्नात बिस्मथ कालवून क्ष-किरणांखाली त्याचा प्रवास पाहिला, तेव्हा शस्त्रक्रियेत आतडी नुसती हाताळली तरी अन्न पुढे सरकायला फार उशीर होतो असं दिसलं. त्यावर बाळंतिणीच्या बाबतीत आणखी भर पडते. नऊ महिने प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकानं सगळं संथ करून ठेवलेलं असतं, आणि वर वेदनाशामक औषधं असतात. ती अफूच्या जातीची असतील तर विचारायलाच नको. अफूनं जुलाब बांधले जातात हे आपल्या आज्यांना औषधशास्त्राच्या पुस्तकाआधी ठाऊक होतं. म्हणूनच पॅरासिटामॉलसारख्या साध्या वेदनाशामकांवर भागवून अफूच्या वर्गातली औषधं लागतील तेवढीच द्यायची, हा आतडं लवकर जागं करण्याचा एक सरळ मार्ग आहे. याच कॅननचं आणखी एक निरीक्षण नातेवाइकांनी कागदावर लिहून खाटेच्या उशाला लावावं असं आहे. मांजर चिडलं किंवा घाबरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबायची आणि ते शांत झालं की पुन्हा सुरू व्हायची. माणसाची बाळंतीण म्हणजे मांजर नव्हे, मान्य. तरी दर अर्ध्या तासानं चौघांनी चौकशी केल्यानं दाखला लवकर मिळेल असं मानायला या निरीक्षणात काहीच आधार नाही.

आता थांबलेलं पोट जागं होतं ते एकदम होत नाही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर लहान आतडं काही तासांत कामाला लागतं. जठराला एखाद-दुसरा दिवस लागतो आणि मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी, डोळे चोळत उठतं. साध्या सिझेरियननंतर सगळंच याहून लवकर होतं, पण क्रम तोच राहतो. वारा सरणं हे या शेवटच्या गड्याचं काम. म्हणजे आपण घोटभर पाण्यासाठी परवानगी मागतो ती अशा अवयवाकडे, ज्याच्यापर्यंत ते पाणी पोचायला काही तास लागणार असतात आणि पोचेपर्यंत त्यातलं बहुतेक लहान आतड्यानं शोषून घेतलेलं असतं. बरं, उपाशी ठेवल्यानं आतडं रिकामं राहतं म्हणावं, तर तेही नाही. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे रस मिळून निरोगी माणसाच्या पोटात दिवसाकाठी सात लिटरच्या आसपास द्रव येतो आणि परत शोषला जातो. उपासात तो कमी होतो, पण हिशेब लिटरांतच राहतो. ज्या आतड्यातून हे सगळं गुपचूप ये-जा करतं, त्याला अर्धा कप चहा झेपेल का यावर खोलीत परिषद भरते.

चहाचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या वादाची मेख त्या कपात आहे. सकाळचा चहा घेतल्याशिवाय 'होत नाही' अशी तक्रार नसलेलं मराठी घर दाखवावं. तिन्ही पिढ्यांचं सकाळचं वेळापत्रक चहा, वर्तमानपत्र आणि मग लगबगीनं उठणं असं बांधलेलं असतं, आणि त्यामागे शास्त्र आहे. जठरात काही पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा संदेश जातो. हा शरीराचा जुना प्रतिक्षेप आहे. पाजल्यापाजल्या तान्ह्या बाळाचा लंगोट बदलावा लागतो तो याच कारणानं. म्हणजे वर घातल्याशिवाय खालून हलत नाही हे आजोबांना पन्नास वर्षांच्या अनुभवानं माहीत असतं आणि दोन दिवसांच्या नातवाला अनुभवाशिवायच माहीत असतं. पण तेच आजोबा, घरी दोन कप चहा घेऊन आणि कार्यभाग उरकून दवाखान्यात येतात, आणि सुनेच्या खाटेपाशी उभं राहून म्हणतात, "आधी गॅस पास होऊ दे, मग चहाचं बघू." स्वतःच्या पोटाला लावलेला नियम सुनेच्या पोटाला उलटा लावण्याचं हे कौशल्य इतर बाबतींतही दिसतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. जर्मनीत हायडेलबर्गच्या शल्यविशारदांनी आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना दिवसातून तीन वेळा शंभर-शंभर मिलिलिटर कॉफी दिली आणि दुसऱ्या गटाला तेवढंच पाणी. २०१२ मध्ये छापलेल्या त्या चाचणीत कॉफीवाल्यांना पहिलं शौच सरासरी ६० तासांनी झालं, पाणीवाल्यांना ७४ तासांनी. चाचणी कॉफीची होती, चहाची नव्हे, आणि ते रुग्ण बाळंतिणी नव्हते, हे सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर उद्या कोणी थर्मास घेऊन हायडेलबर्गचा दाखला देईल.

मग इतकी वर्षं शहाणीसुरती माणसं हा नियम का पाळत आली? नियम मूर्खपणातून आला असं म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण ते खरं नाही. उलटीची भीती एके काळी रास्त होती. न्यू यॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासून दाखवलं, की भूल दिलेली असताना पोटातलं अन्न किंवा आम्ल श्वासनलिकेत जाण्याचे प्रकार ६६ जणींच्या बाबतीत घडले होते, आणि त्यातल्या दोघी दगावल्या. पूर्ण भूल, मुखवट्यातून दिलेला वायू आणि भरलेलं पोट, हे खरोखर वाईट त्रिकूट होतं. पण मेंडेल्सन बोलत होते ते भूल देण्याआधीच्या पोटाबद्दल. जागी झालेली, बाळ कुशीत घेतलेली आणि भुकेनं कासावीस झालेली बाई त्यांच्या हिशेबात नव्हती. शिवाय आता बहुतेक सिझेरियन मणक्यात दिलेल्या इंजेक्शनवर होतात. बाई पूर्ण वेळ शुद्धीत असते. पडद्यापलीकडे काय चाललंय ते ऐकत असते आणि बाळाच्या पहिल्या रडण्यावर मत देत असते. परिस्थिती बदलली, नियम मात्र जागचा हलला नाही. सावधगिरीच्या नियमांची हीच गंमत आहे. ते लावायला एक वाईट प्रसंग पुरतो. काढायला मात्र कोणीतरी पुढे होऊन सही करावी लागते, आणि सही करायला कोण तयार असतं?

सही करणारा एकजण डेन्मार्कमध्ये निघाला. हेन्रिक केलेट या शल्यविशारदानं १९९० च्या दशकात जुन्या रिवाजांची एकेक करून झडती घेतली. रुग्णाला लवकर खायला दिलं, लवकर उठवलं, अफूच्या जातीची औषधं कमी केली आणि नळ्या लवकर काढल्या. मोठ्या आतड्याचा तुकडा कापून उरलेली टोकं जोडलेली त्याची माणसं दोन दिवसांत घरी जाऊ लागली. इथे जरा विचार करा. ज्यांचं आतडंच कापून शिवलंय ते दुसऱ्या दिवशी जेवतात, आणि जिचं आतडं नुसतं बाजूला सारलं गेलं होतं ती बाई कोरड्या ओठांनी दाखल्याची वाट बघत पडते. केलेटच्या पद्धतीतून पुढे जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली, त्यांतली सिझेरियननंतरची २०१९ मध्ये आली. त्यांत नेहमीचं जेवण शस्त्रक्रियेनंतर दोन तासांच्या आत सुरू करावं असं सांगितलंय. दोन दिवस नव्हे, दोन तास. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेचं म्हणणं तर आपल्या कोणत्याही आजीला पटावं इतकं साधं आहे: बाईची प्रकृती ठीक असेल आणि काही गुंतागुंत नसेल, तर भूक लागली की तिनं खावं, तहान लागली की प्यावं.

यावर पहिला आक्षेप उलटीचाच येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. टाक्यांवर ताण आणणारी उलटी कोणालाच नको असते. पण हा आक्षेप तपासून पाहिलेला आहे. लवकर आणि उशिरा खायला देण्याची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा, 'कॉक्रेन' या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा २००२ मध्ये आला. साध्या सिझेरियननंतर अन्नपाणी रोखून धरण्याला आधार देणारा पुरावा त्यात सापडला नाही. लवकर खाणाऱ्या बायकांची आतडी उलट लवकर आवाज करू लागली. कोणाला मळमळेल, नाही असं नाही. तिनं थांबावं. पण एकीला मळमळेल म्हणून दहाजणींना उपाशी ठेवायचं असेल, तर पंगतीत एकाला ठसका लागला म्हणून सगळ्यांची ताटं उचलायला हवीत.

दुसरा आक्षेप टाक्यांचा. "एवढे टाके पडलेत, आणि जेवतेस काय?" या वाक्यात शरीररचनेचा एक स्वतंत्र नकाशा दडलेला आहे. त्यात वरण-भात अन्ननलिकेतून उतरून थेट टाक्यांवर जाऊन बसतो. खऱ्या नकाशात टाके गर्भाशयाला आणि पोटाच्या भिंतीला असतात. भाताचा मार्ग वेगळा आहे आणि तो त्यांना वळसा घालूनही जात नाही. याच आक्षेपाचा धाकटा भाऊ म्हणजे भात, डाळ, दही, बटाटा यांनी टाके पिकतात हा समज. टाके पिकतात ते जंतूंमुळे. हे जंतू भातातून येत नाहीत. न धुतलेल्या हातांनी "बघू गं, टाके कसे आहेत" म्हणणाऱ्या बोटांवरून ते जास्त खुशीनं येतात. बाळंतिणीच्या ताटातून रोज एक पदार्थ काढून घेणाऱ्या मंडळींनी तेवढ्याच तत्परतेनं हात धुतले, तर टाक्यांचं कितीतरी भलं होईल.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: डॉक्टरांनीच थांबायला सांगितलंय. मग थांबायचं, यात दुमत नाही. रक्तस्राव जास्त झाला असेल, शस्त्रक्रियेत आतड्याला इजा झाली असेल, पूर्ण भूल द्यावी लागली असेल किंवा झटके येण्याची भीती असेल, तर डॉक्टरांच्या डोक्यात आपल्याला न दिसणारं काहीतरी असतं. पण कारण विचारण्याला बंदी नाही. "कशासाठी थांबायचं आणि कधीपर्यंत?" हा प्रश्न "गॅस पास झाला का?" यापेक्षा निश्चितच उपयोगी आहे, आणि तो विचारायला खोलीतला कोणीही मोकळा असतो. आश्चर्य असं, की पहिला प्रश्न कोणीही विचारतो आणि दुसरा विचारण्याची वेळ आली की सगळे मोबाइलमध्ये बघू लागतात.

आणि या दाखल्यावर एवढा विश्वास ठेवावा, तर तो भरवशाचा तरी आहे का? १९४८ मध्ये सर हेनेज ऑगिल्वी या ब्रिटिश शल्यविशारदानं एक विकार वर्णन केला. मोठं आतडं वाटेत काही अडथळा नसताना फुगत जातं. सिझेरियननंतर हा विकार क्वचित पण नक्की आढळतो. वेळेत लक्षात आलं नाही तर आतडं फुटण्यापर्यंत मजल जाते. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की यातल्या बऱ्याच रुग्णांचा वारा सरतच असतो. दाखला हातात, आणि पोट तर धोक्यात. उलट कितीतरी बायका दाखला न देता व्यवस्थित जेवतात आणि पचवतातही. स्टेथोस्कोप लावून आतड्याचा आवाज ऐकण्याची गतही तशीच. एकाच पोटाचा आवाज वेगवेगळ्या डॉक्टरांना ऐकवला की त्यांचं आपसात जमत नाही, हे अभ्यासांत दिसलंय. तेव्हा लक्ष ठेवायचं ते वाऱ्यावर नव्हे, पोटावर. पोट तट्ट फुगत चाललं, दुखणं वाढत गेलं, उलट्या थांबेनात, ताप आला किंवा नाडी जोरात धावू लागली, तर वारा सरलेला असो वा नसो, डॉक्टरांना हाक मारायची. तिथे आत्याच्या फोनची वाट पाहायची नाही आणि ओव्याच्या फक्कीनं भागवायचंही नाही.

ओवा, हिंग, बाळंतशेपा यांच्याबद्दल माझं वाकडं नाही. जेवणातल्या प्रमाणात ते रुचीला बरे असतात, आणि दोन दिवस सलाइनवर काढलेल्या बाईला फोडणीचा नुसता वास आला तरी तिची अन्नावरची श्रद्धा परत येते. लवकर खाण्याच्या बाजूनं पुराव्याच्या तराजूत टाकायला जे आहे ते मात्र भलतीकडून आलंय. शास्त्रज्ञांना शंका आली, की खरं जेवण नको असेल तर जेवणाचं नाटक केलं तर? याचं मूळ पावलोव्हच्या कुत्र्यांत. अन्ननलिकेला छिद्र पाडलेलं कुत्रं मांस खायचं, मांस वाटेतच बाहेर पडायचं, जठरात काहीच पोचायचं नाही, आणि तरी जठररस भरभरून वाहायचा. पचनाच्या कामाबद्दल पावलोव्हला १९०४ मध्ये नोबेल मिळालं. जपानच्या असाओ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हेच नाटक माणसांवर केलं, पण फार सभ्यपणे. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना त्यांनी च्युइंगम चघळायला दिलं. जबडा हलला, लाळ सुटली, मेंदूला वाटलं जेवण चाललंय, आणि आतडं लवकर जागं झालं. पुढे हा प्रयोग सिझेरियनपर्यंत आला. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्या आणि ३,१४९ बायका होत्या. च्युइंगम चघळणाऱ्यांचा वारा सरासरी सात तास आधी सरला आणि पहिलं शौच नऊ तास आधी झालं. सात तास म्हणजे नातेवाइकांचे किमान चौदा प्रश्न.

या पुराव्यातही भोकं आहेत, आणि ती आढावा लिहिणाऱ्यांनीच दाखवली आहेत. चघळणाऱ्या बाईला आपण चघळतोय हे माहीत असतंच. तिला फसवता येत नाही, त्यामुळे खोट्या गोळीसारखी खोटी चघळण देऊन तुलना करता येत नाही. बऱ्याच चाचण्या लहान होत्या आणि पुराव्याचा दर्जा त्यांनी खालचा ठरवला. शिवाय बाईला दोन तासांत जेवायलाच दिलं तर जेवणाच्या नाटकाची गरज काय? २०१९ ची ती मार्गदर्शक तत्त्वंही हेच म्हणतात: लवकर खायला देत असाल तर च्युइंगम बहुधा फाजील, खायला उशीर होणार असेल तर मात्र विचारात घ्यावं. मला यात एक गोष्ट आवडते. खाण्याची नक्कल केल्यानं जर वारा लवकर सरत असेल, तर वारा सरेपर्यंत खाणं रोखणाऱ्या नियमाचा पाया कुठे उरतो? मंडळी म्हणतील, आमच्याकडे बाळंतिणीला जेवणानंतर विडा होताच की, तोही चघळायचाच. होता, आणि चघळण्यापुरतं श्रेय त्याला द्यावं लागेल. पण सुपारी कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जाहीर केलेलं आहे, तेव्हा परंपरेचा एवढा भाग पानाच्या डब्यातच ठेवावा. भाजलेला बाळंतशेपा आणि तीळ चघळायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

चालण्याचं काय? "चाल जरा, म्हणजे गॅस सुटेल" हा सल्ला इतका सर्वमान्य आहे की त्यावर कोणी शंका घेत नाही. अमेरिकेत १९९० मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या आतड्याची विद्युत हालचाल मोजून पाहिली, तेव्हा चालणाऱ्यांत आणि न चालणाऱ्यांत फरक सापडला नाही. तरीही बाळंतिणीनं लवकर उठून चालावं. त्याचं कारण पायांच्या शिरांतल्या गुठळ्या टाळणं हे आहे आणि ते पुरेसं आहे. सल्ला बरोबर, कारण चुकीचं, असं घरगुती वैद्यकात फार होतं. पाण्याच्या बाबतीत तर सल्लाच चुकीचा. बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं, नाहीतर पोट सुटतं, हा दंडक आजही घरोघरी आहे. आता लोहाच्या गोळ्या सुरू, हिंडणं-फिरणं बंद, पालेभाज्या आणि फळं 'बाधतात' म्हणून ताटाबाहेर, वर पाणी मोजून. यातून जे बद्धकोष्ठ होतं त्यावर मग चर्चा होते. वारा सरल्याच्या आनंदात पहिल्या शौचाचा प्रश्न विसरला जातो, पण बाईला खरी धास्ती त्याचीच असते. कुंथलं तर टाके उसवतील या भीतीनं ती वेग दाबते, आणि दाबलेला मल आणखी घट्ट होतो. तिला हवं असतं पुरेसं पाणी, भाजी-फळं, डॉक्टरांना विचारून ईसबगोल किंवा मल मऊ करणारं औषध, पोटावर आधाराला धरलेली उशी, आणि दाराबाहेर "झालं का?" म्हणून कोणी उभं नसलेला संडास.

एवढं सगळं पटवून दिल्यावर शेवटी जो आक्षेप येतो त्याला वैद्यकात उत्तर नाही. "पोर मांडीवर आणि ही च्युइंगम चघळत बसलीय, बरं दिसतं का ते?" बरं दिसत नाही, कबूल. व्हिव्ह रिचर्ड्स च्युइंगम चघळत खेळपट्टीवर यायचा तेव्हा तोही समोरच्या गोलंदाजांना बरा दिसत नसे. पण दोन दिवस सगळ्या खानदानाकडून पोटाची उलटतपासणी झालेल्या बाईच्या चेहऱ्यावर तसा थोडा भाव आला, तर चौकशीला येणाऱ्यांची संख्या आपोआप कमी होण्याचा संभव आहे. साखर नसलेलं च्युइंगम घ्यावं. चाचण्यांत ते साधारण दिवसातून तीन वेळा चघळायला दिलेलं असतं. साखरेऐवजी त्यात बहुधा सॉर्बिटॉल असतं, आणि ते स्वतःच पोट जरा सैल करतं. चघळून झालं की कागदात गुंडाळून टोपलीत टाकावं. दुपट्याला चिकटलं तर सासूबाईंना नवा मुद्दा मिळेल.